जबड्यातली सिस्ट काढून ‘बोन पावडर’ भरली. आता तिथे पू होऊ नये म्हणून काय करायचं?

दात फारसा दुखत नसतो. लहानपणी मार लागून काळपट पडलेला एखादा पुढचा दात असतो, नाहीतर अर्धवट अडकलेली अक्कलदाढ. दुसऱ्याच कुठल्या तरी कारणासाठी डेंटिस्ट ओपीजी, म्हणजे अख्ख्या जबड्याचा एक्स-रे, काढायला सांगतात आणि त्यात लिंबाएवढा काळा गोल दिसतो. मग ठरतं की सिस्ट आहे, ती काढायची आणि काढल्यावर जो खड्डा राहील त्यात बोन ग्राफ्ट भरायचं.

घरी येऊन मोबाईलवर शोधलं की दोन टोकांचे व्हिडिओ समोर येतात. एकात बोन पावडर म्हणजे जादू. दुसऱ्यात ती सडली, पू झाला आणि पुन्हा जबडा उघडावा लागला. दोन्ही गोष्टी घडतात. कुणाच्या बाबतीत कुठली घडेल, हे नशिबापेक्षा बऱ्याच साध्या गोष्टींवर ठरतं. त्यातल्या निम्म्या डॉक्टरांच्या हातात असतात आणि उरलेल्या पेशंटच्या.

सिस्ट म्हणजे नेमकं काय?

हाडात तयार झालेली पिशवी. आत पातळ द्रव, कधी पू, कधी दह्यासारखा घट्ट पदार्थ. पिशवीला आतून अस्तर असतं आणि खरा उद्योग हे अस्तरच करतं. आत द्रव साठत जातो, दाब वाढतो आणि आजूबाजूचं हाड झिजत मागे सरकतं. हे इतकं सावकाश चालतं की अनेकांना वर्षानुवर्षं पत्ताच लागत नाही.

सर्वाधिक आढळणारी रॅडिक्युलर सिस्ट मेलेल्या दाताच्या मुळाशी होते. कीड आत नसेपर्यंत पोचते किंवा मार लागून दात आतून मरतो, तिथे जंतू घर करतात आणि मुळाच्या टोकाशी पिशवी धरते. दुसरी डेंटिजरस सिस्ट, न उगवलेल्या दाताच्या डोक्याभोवती होणारी. तिसरी ओडोंटोजेनिक केराटोसिस्ट, हिचा स्वभाव हट्टी. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात २००५ मध्ये तिला ट्यूमरच्या यादीत टाकलं होतं, २०१७ मध्ये पुन्हा सिस्टमध्ये आणलं. नाव बदललं, पण पुन्हा उगवण्याची तिची खोड कायम आहे.

संसर्गाच्या दृष्टीने यातली पहिली सर्वात महत्त्वाची, कारण तिचा जन्मच जंतूंमुळे होतो. ज्या दातामुळे सिस्ट झाली त्याची नळी तशीच घाण ठेवून वर कितीही महागडं साहित्य भरलं, तरी जंतूंचा नळ चालूच राहतो.

पोकळी भरायची कल्पना आली कुठून?

योगायोग असा की या विषयातल्या दोन उलट विचारांची सुरुवात एकाच वर्षी आणि जर्मन डॉक्टरांकडूनच झाली. १८९२ मध्ये ब्रेस्लाऊ इथले सर्जन कार्ल पार्त्श यांनी सिस्टला खिडकी पाडून ती तोंडात उघडी ठेवायची पद्धत सांगितली. दाब गेला की सिस्ट आपोआप आक्रसते आणि हाड भरत येतं. मोठ्या सिस्टसाठी ही पद्धत आजही वापरतात. त्याच वर्षी ड्रीसमान या डॉक्टरांनी हाडांमधल्या पोकळ्या प्लास्टर ऑफ पॅरिसने भरल्याचं प्रसिद्ध केलं. एकाने पोकळी उघडी ठेवली, दुसऱ्याने बुजवली. सर्जन मंडळींमधला हा वाद तेव्हापासून सुरू आहे.

पुढे १९१० मध्ये पार्त्श यांनीच अख्खी पिशवी सोलून काढून वरून टाके घालायची पद्धत मांडली. इथे अडचण रक्ताच्या गाठीची. अस्तर काढल्यावर पोकळी रक्ताने भरते, ते गोठतं आणि त्या गाठीतूनच पुढे हाड तयार होतं. पोकळी लहान असेल तर काम झालं. पोकळी मोठी असेल तर गोठलेलं रक्त आक्रसतं, हाडाच्या भिंतीपासून सुटतं, मधे फट पडते आणि त्या फटीत जंतू शिरले की गाठ सडते. म्हणून गाठीला आधार द्यायचा विचार पुढे आला. १९६० च्या सुमारास जर्मनीतच विल्हेल्म शुल्टे यांनी पेशंटचंच रक्त जिलेटिनच्या स्पंजबरोबर भरायला सुरुवात केली, त्यात पेनिसिलिनही असे.

म्हणजे भरण्यामागचा मूळ हेतूच संसर्ग टाळणं हा होता. गंमत अशी की भरलेली वस्तूच कधी कधी संसर्गाचं घर बनते.

पूड निर्जंतुक असते, मग पू कसा होतो?

डबीतून निघते तेव्हा ती निर्जंतुकच असते. प्रश्न नंतरचा आहे. माणसाच्या तोंडात सुमारे ७०० जातींचे जंतू आढळतात आणि पोकळी असते त्यांच्यापासून हिरडीच्या एका पातळ थराच्या अंतरावर.

१९५७ मध्ये लंडनमध्ये एलेक आणि कोनेन या संशोधकांनी एक प्रयोग केला होता, जो आजही सर्जरीच्या वर्गात सांगितला जातो. स्वयंसेवकांच्या त्वचेत स्टॅफिलोकोकस जंतू टोचले, तर पू व्हायला ते दहा लाखांच्या पटीत लागत. पण तिथेच रेशमी टाक्याचा धागा ठेवला, तर काही शेकडे जंतूही पुरत. धागा स्वच्छ होता. तो फक्त परका होता, एवढंच.

बोन ग्राफ्टचे कण हा असाच परका पाहुणा. त्यात रक्तवाहिन्या नसतात. पहिले काही आठवडे, आजूबाजूच्या हाडातून बारीक रक्तवाहिन्या आत शिरेपर्यंत, तिथे ना शरीराचे सैनिक नीट पोचतात ना गोळ्यांमधून घेतलेलं अँटिबायोटिक. जंतूंना मात्र चिकटायला हजारो खडबडीत कण मिळतात. एकदा चिकटले की ते स्वतःभोवती चिकट थर बनवतात. त्याला बायोफिल्म म्हणतात. दातांवर सकाळी बोट फिरवल्यावर लागतो तो बुळबुळीत थर बायोफिल्मच असतो. ब्रशने तो घासून जातो, पण जबड्याच्या आत ब्रश जात नाही.

मग भरायचंच नाही का?

अनेक वेळा खरंच नाही. २००० साली इटलीतील मात्तेओ कियापास्को आणि सहकाऱ्यांनी खालच्या जबड्यातल्या २७ मोठ्या सिस्ट काढल्यानंतर काहीही न भरता नुसत्या एक्स-रेंवर लक्ष ठेवलं. पोकळ्यांमध्ये हाड आपोआप येत गेलं. २०१२ मध्ये जर्मनीतील एत्ल आणि सहकाऱ्यांनी तोवरचे अभ्यास तपासले, तेव्हाही सूर हाच होता: बहुतेक सिस्टनंतर नुसती स्वच्छ पोकळी आणि नीट टाके पुरतात, भरण काही सरसकट गरजेचं नाही.

भरण्याला अर्थ असतो तो ठराविक परिस्थितीत. पोकळी खूप मोठी असेल, हाडाच्या बाहेरच्या आणि आतल्या अशा दोन्ही भिंती गेल्या असतील, शेजारच्या दातांचा आधार सुटत असेल किंवा पुढे त्याच जागी इम्प्लांट बसवायचं असेल तर. त्यामुळे ऑपरेशन ठरवताना “कुठलं ग्राफ्ट?” याआधी “नाही भरलं तर काय होईल?” हा प्रश्न विचारायला काहीच हरकत नाही. उत्तर देताना चांगला सर्जन चिडत नाही.

दोन ठिकाणी तर थांबणंच बरं. सिस्टमध्ये त्या वेळी पू असेल तर आधी निचरा, मग काही काळाने भरणं. आणि केराटोसिस्टची शंका असेल तर अनेक सर्जन भरणं टाळतात, कारण एक्स-रेमध्ये पांढऱ्या दिसणाऱ्या कणांमागे पुन्हा उगवणारी सिस्ट लपू शकते.

डबीत असतं काय?

चार प्रकार. पहिला पेशंटचंच हाड, हनुवटीचं, दाढेमागचं किंवा कमरेचं. यात जिवंत पेशी असतात, पण दुसरी जखम होते. दुसरा दुसऱ्या माणसाचं, दान केलेलं हाड. तिसरा प्राण्याचं, बहुतेक वेळा गाईगुरांचं, प्रक्रिया करून फक्त खनिज भाग ठेवलेलं. चौथा कारखान्यात बनवलेला, हायड्रॉक्सीअॅपेटाइट, ट्रायकॅल्शियम फॉस्फेट किंवा बायोअॅक्टिव्ह ग्लास. यातला ट्रायकॅल्शियम फॉस्फेट हळूहळू विरघळून जागा हाडाला देतो, तर गुरांच्या हाडाचे कण वर्षानुवर्षं तसेच राहू शकतात.

वर झाकायला जो पातळ पडदा वापरतात, तोही काही वेळा डुकराच्या कोलॅजनचा असतो. शाकाहारी किंवा धार्मिक कारणाने हे नको असलेल्या पेशंटना नंतर कळून मनस्ताप होतो. संमतीपत्रावर सही करण्याआधी विचारलं, तर पर्याय उपलब्ध असतात.

दान केलेल्या हाडातूनच संसर्ग आला तर? भीती अगदी अनाठायी नाही, पण ती नेमकी कशाची हे कळलं पाहिजे. २०२१ मध्ये अमेरिकेत एकाच मृत दात्याच्या हाडापासून बनवलेलं साहित्य ११३ पेशंटना, मुख्यतः मणक्याच्या ऑपरेशनमध्ये, वापरलं गेलं आणि त्यातून अनेकांना टीबी झाला. २०२३ मध्ये तिथे तसाच दुसरा प्रकार घडला. ही दोन्ही उत्पादनं जिवंत पेशी राखलेली होती, त्यामुळे ती कडक निर्जंतुकीकरणातून गेली नव्हती. दंतवैद्यकात नेहमी वापरतात ती हाडाची पूड वाळवलेली आणि बहुतांशी किरणोत्सर्गाने निर्जंतुक केलेली असते. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाची टिश्यू बँक १९८८ पासून गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेल्या ऊती पुरवते.

ऑपरेशनच्या आधीच बरंच ठरतं

टेबलावर जाण्याआधीचे दोन आठवडे फार मोलाचे. दात साफ करून घेणं, कारणीभूत दाताचं रूट कॅनल पूर्ण करणं किंवा तो काढायचा का ते ठरवणं, आजूबाजूची किडलेली दाढ भरून घेणं. मधुमेह असेल तर नुसती सकाळची साखर नाही, तर तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी तपासणी. साखर चढलेली असेल आणि ऑपरेशन तातडीचं नसेल, तर थांबलेलं फायद्याचं.

आणि तंबाखू. सिगारेट, बिडी, गुटखा, मावा, खर्रा सगळंच. आपल्याकडे मिश्रीला कुणी तंबाखू समजतच नाही. “व्यसन नाही” असं सांगणाऱ्या आजी रोज सकाळी मिश्री लावत असतात आणि घरच्यांनाही ते सांगावंसं वाटत नाही. निकोटिन बारीक रक्तवाहिन्या आकसवतं, आणि या ऑपरेशनचं सगळं यश त्याच रक्तवाहिन्यांवर उभं आहे. त्यामुळे मिश्रीही सांगायची आणि थांबवायची.

हाडं ठिसूळ झाल्याबद्दल किंवा कॅन्सरसाठी झोलेड्रोनिक अॅसिड, अॅलेंड्रोनेट, डेनोसुमॅब यांसारखी औषधं किंवा इंजेक्शनं चालू असतील किंवा पूर्वी घेतली असतील, तर ते आवर्जून सांगावं. ही औषधं घेणाऱ्यांमध्ये ऑपरेशननंतर जबड्याचं हाड उघडं पडून मरण्याचा धोका असतो. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या मात्र स्वतःहून बंद करू नयेत.

टेबलावर सर्जन काय पाहतात?

पेशंटला हे दिसत नाही, पण पू होणार की नाही याचा मोठा हिस्सा इथे ठरतो. अस्तराचा तुकडाही मागे राहता कामा नये. तो राहिला तर संसर्गही होतो आणि सिस्टही परतते. पोकळी भरपूर सलाईनने धुतली जाते. ग्राफ्ट हलक्या हाताने भरतात. ठासून भरलं तर कणांमधून रक्तवाहिन्यांना वाट मिळत नाही, आणि कडेपर्यंत शीग लावून भरलं तर वरची हिरडी ताणली जाते.

ताणलेली हिरडी हाच कळीचा मुद्दा. टाक्यांची ओळ पोकळीच्या बरोबर वर न येता शेजारच्या भक्कम हाडावर टेकेल, असा छेद आधीपासून आखावा लागतो. हिरडी खालून थोडी सैल करून, ओढाताण न होता दोन्ही कडा जुळायला हव्यात. ओढून बांधलेले टाके पहिल्या आठवड्या-दहा दिवसांत उसवतात, लाळ आत शिरते आणि सगळी मेहनत पाण्यात जाते. वरच्या जबड्यात सिस्ट सायनसपर्यंत गेली असेल, तर नाकाच्या बाजूनेही दार उघडं राहणार नाही हे पाहावं लागतं.

काही ठिकाणी पेशंटचं थोडं रक्त काढून, यंत्रात फिरवून त्याचा जेलीसारखा थर ग्राफ्टमध्ये मिसळतात. याला पीआरएफ म्हणतात आणि २००१ मध्ये फ्रान्सचे जोसेफ शुक्रून यांनी ते पुढे आणलं. जखम भरायला त्याचा हातभार लागतो. रील्समध्ये दाखवतात तसं ते जंतूंविरुद्धचं कवच मात्र नाही.

काढलेलं अस्तर पॅथॉलॉजीला पाठवलं का, हे घरच्यांनी विचारलंच पाहिजे. एक्स-रेमध्ये साधी सिस्ट वाटलेली गोष्ट मायक्रोस्कोपखाली वेगळीच निघू शकते.

अँटिबायोटिक किती दिवस?

“जरा जास्त दिवस द्या, रिस्क नको” असं पेशंटच म्हणतात. पण प्रतिबंधासाठी सर्वात महत्त्वाचा डोस पहिला असतो, छेद घेण्याच्या साधारण तासभर आधीचा. कारण रक्ताची गाठ बनते तेव्हाच त्यात औषध असायला हवं. गाठ बनून झाल्यावर गिळलेली गोळी तिथे फारशी पोचत नाही.

नंतर किती दिवस, याचं सगळ्यांना लागू होणारं उत्तर नाही. ग्राफ्टचा आकार, सायनसशी संबंध, मधुमेह हे पाहून सर्जन ठरवतात. प्रमाणाचा अंदाज यावा म्हणून शेजारचं एक उदाहरण: अक्कलदाढ काढण्याच्या अभ्यासांचा २०२१ चा कॉक्रेन आढावा सांगतो की एक संसर्ग टाळायला सुमारे १९ जणांना अँटिबायोटिक द्यावं लागतं. उरलेल्या १८ जणांना फायदा नाही. जुलाब, अॅलर्जी आणि औषधाला न जुमानणारे जंतू यांची शक्यता मात्र त्यांच्याही वाट्याला येते. सिस्टचं ऑपरेशन दाढेपेक्षा मोठं, त्यामुळे हा आकडा जसाच्या तसा इथे लावता येणार नाही, पण “जास्त दिवस म्हणजे जास्त सुरक्षित” हा समज त्याने ढिला व्हावा.

लिहून दिलेला कोर्स मधेच सोडू नये आणि मेडिकलमधून स्वतःहून वाढवूही नये. पेनिसिलिनची अॅलर्जी आधी सांगावी. मेट्रोनिडाझोल चालू असताना दारू अजिबात नको.

घरी आल्यावर

पहिल्या दिवशी जोरात चूळ भरायची नाही, थुंकायचं नाही, स्ट्रॉने काही प्यायचं नाही. ओढ बसली की रक्ताची गाठ हलते. गालावरून बर्फ थोडा थोडा वेळ चालतो, गरम शेक नको. दुसऱ्या दिवसापासून डॉक्टरांनी दिलेल्या क्लोरहेक्सिडिनच्या सौम्य गुळण्या. गुळण्या म्हणण्यापेक्षा औषध तोंडात धरून मान इकडेतिकडे कलवायची आणि ते अलगद सोडून द्यायचं. हे औषध सांगितल्यापेक्षा जास्त दिवस वापरलं की दातांवर तपकिरी डाग पडतात.

बाकीचे दात नेहमीसारखे घासायचेच. टाक्यांच्या भीतीने आठवडाभर ब्रश न लावणं, ही घरोघरी होणारी चूक. तोंडात घाण वाढली की ती टाक्यांवरच येऊन बसते.

खाण्यात मऊ भात, वरण, खिचडी, पेज, ताक, सगळं कोमट. चिवडा, कुरमुरे, तीळ, शेंगदाण्याचं कूट, भाकरीचा कडक पापुद्रा हे टाक्यांत अडकणारे पदार्थ काही आठवडे बाजूला. वरच्या जबड्याचं ऑपरेशन असेल तर नाक शिंकरायचं नाही आणि शिंक आली तर तोंड उघडं ठेवून येऊ द्यायची. जखमेवर लवंगाचं तेल, तुरटी, हळद यांतलं काहीही लावायचं नाही. लवंगाच्या तेलाने उघडी जखम भाजते. आणि आरशासमोर ओठ ओढून टाके बघण्याचा मोह आवरायचा, फॅमिली ग्रुपवर फोटो टाकण्यासाठी तर नक्कीच.

सूज नेहमीची की धोक्याची?

ऑपरेशननंतरची सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वात जास्त असते आणि मग ओसरते. तिसऱ्या दिवशी गाल सुजलेला दिसला म्हणून घाबरायचं कारण नाही. उलट, ओसरलेली सूज चौथ्या-पाचव्या दिवशी पुन्हा चढली, ठणका वाढला, ताप आला, तोंडाला खारट घाण चव यायला लागली, तर त्याच दिवशी सर्जनला दाखवावं. सुरुवातीला वाळूसारखा एखाद-दुसरा कण बाहेर येऊ शकतो. रोज कण येत असतील किंवा टाक्यांमधून पांढरं काही दिसत असेल, तर हिरडी उघडली आहे असं समजावं. कधी संसर्ग उशिरा, काही महिन्यांनीही डोकं वर काढतो. हिरडीवर छोटा फोड येतो, फुटतो, बरा झाल्यासारखा वाटतो आणि पुन्हा येतो. दुखत नाही म्हणून लोक सोडून देतात, पण तो आतल्या पुवाची वाट असतो.

एका प्रकारात मात्र सर्जनच्या अपॉइंटमेंटची वाट पाहायची नाही. हनुवटीखाली किंवा गळ्यावर कडक सूज, तोंड उघडता न येणं, जीभ वर उचलली जाणं, लाळ गिळता न येणं, आवाज बदलणं, श्वासाला त्रास. १८३६ मध्ये जर्मन डॉक्टर लुडविग यांनी वर्णन केलेला हा संसर्ग श्वासनलिका दाबू शकतो. रात्रीचे दोन वाजले असले तरी थेट मोठ्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत जायचं.

ग्राफ्टमध्ये संसर्ग झालाच तर नुसत्या गोळ्या बदलून सहसा भागत नाही. लवकर दाखवलं तर जखम धुऊन, सैल झालेले कण काढून कधी कधी बाकीचं ग्राफ्ट वाचवता येतं. पुवाची तपासणी करून नेमकं औषध निवडता येतं. उशीर झाला की सगळंच भरण काढून पोकळी स्वच्छ करावी लागते. तसं झालं तरी सगळं संपलं असं नाही. पोकळी स्वच्छ राहिली, तर हाड स्वतःच्या गतीने भरत येतं.

एक्स-रेवर किती विश्वास?

थोडा कमीच. ग्राफ्टचे कण एक्स-रेमध्ये पहिल्या दिवसापासूनच पांढरे दिसतात, त्यामुळे “बघा, हाड भरलं” असं दुसऱ्या आठवड्यात कुणी म्हणालं तर ते हाड नसून पूड असते. खरं हाड यायला अनेक महिने, मोठ्या पोकळीत वर्षाहूनही जास्त काळ लागतो. तोवर त्या बाजूने कडक चावणं, चेंडू लागेल असे खेळ टाळायचे, कारण पातळ झालेला खालचा जबडा मोडू शकतो. कणांभोवती काळी कड दिसायला लागली आणि ती वाढत गेली, तर संसर्ग किंवा परतलेली सिस्ट या दोन्ही शंका घेऊन तपासावं लागतं. केराटोसिस्ट असेल तर ही तपासणी निदान पाच वर्षं, बऱ्याचदा त्याहून जास्त चालते.

ऑपरेशनआधीचा ओपीजी, पॅथॉलॉजीचा रिपोर्ट आणि ग्राफ्टच्या डबीवरचं स्टिकर, ज्यावर कंपनी आणि बॅच नंबर असतो, हे तिन्ही एका फाइलमध्ये ठेवावेत. स्टिकर मागितल्याशिवाय बहुतेक ठिकाणी मिळत नाही. ते डिस्चार्जच्या दिवशीच मागून घ्यावं.